वाचकांचे प्रश्न : एसीचे काम कोणाच्या हाती द्यावे?

होळी झाली की या सदराकडे येणारी पत्रे एकाच विषयाची होतात. यंदाही तसेच झाले. एसी कोणता घ्यावा हे विचारणारी पत्रे त्यांत थोडीच आहेत. बहुतेकांनी विचारले आहे ते एवढेच, की तो बसवणारा आणि दुरुस्त करणारा माणूस विश्वासाचा आहे हे ओळखायचे कसे. यंत्र कितीही नामांकित कंपनीचे असले तरी ते थंडावा किती देणार आणि किती वर्षे टिकणार, याचा निम्मा निकाल बसवणाऱ्याच्या हातात असतो, म्हणून हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. त्यांतील पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. एक पत्र गिझरचे आहे, पण प्रश्न तोच आहे.

प्रश्न : आमच्याकडे पाच वर्षांपूर्वी घेतलेला दीड टनाचा इन्व्हर्टर एसी आहे. गेली तीन वर्षे दर उन्हाळ्याच्या तोंडावर येणारा मेकॅनिक 'गॅस कमी झाला आहे' असे सांगून गॅस भरतो आणि तीन हजार रुपये घेऊन जातो. महिना-दोन महिने खोली छान गार होते, मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. माणूस बोलायला नम्र आहे, वेळेवर येतो. तो आमची फसवणूक करत आहे का? – एक वाचिका, ठाणे

उत्तर : तो जाणूनबुजून फसवत आहे की त्याला कोणी नीट शिकवलेलेच नाही, हे मला येथे बसून सांगता येणार नाही. मात्र त्याचे काम चुकीचे आहे, हे खात्रीने सांगतो. एसीतला गॅस स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमधून फिरत राहतो, घरातली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि पुन्हा आत येतो. यंत्र निर्दोष असेल तर कारखान्यात भरलेला गॅस त्याच्या आयुष्यभर पुरतो. तो कमी झाला याचा अर्थ एकच, की कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे होय, आणि तुम्ही ते तीन वर्षे पैसे देऊन करून घेत आहात.

दुसरी शक्यताही लक्षात घ्या. गॅस मुळात कमी झालाच नसेल. आतल्या जाळीवर धूळ बसली, फिल्टर तुंबला किंवा पंख्याच्या पात्यांवर मळाचा थर साचला, तर हवा पुरेशी वाहत नाही, कॉइलवर, म्हणजे गॅस फिरणाऱ्या नळ्यांच्या वेटोळ्यावर, बर्फ धरतो आणि खोली गार होत नाही. गॅस कमी असतानाही कॉइलवर असाच बर्फ दिसतो. त्यामुळे नुसता बर्फ दाखवून 'गॅस गेला' असे म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. चांगला तंत्रज्ञ आधी फिल्टर, कॉइल आणि बाहेरच्या युनिटची जाळी पाण्याने स्वच्छ करतो, यंत्र पंधरा-वीस मिनिटे चालवतो, आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान मोजतो, आणि मगच गॅसचे नाव काढतो. क्लॅम्प मीटर लावून विद्युतप्रवाह तपासणे हेही आवश्यक आहे. फक्त, इन्व्हर्टर यंत्रात गॅस दाबून फिरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा वेग गरजेप्रमाणे बदलतो, त्यामुळे हा प्रवाह सतत बदलत असतो, म्हणून तो उत्पादकाने दिलेल्या टेस्ट मोडमध्ये मोजावा लागतो. ही गोष्ट तुमच्या मेकॅनिकला ठाऊक आहे का, हे सहज विचारून पाहा. उत्तरावरून बरेच कळेल.

गळती कशी शोधतात, हे मी माझ्याच घरी पाहिले आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या पहिल्या माणसाने सिलिंडर जोडला, वजनकाटा न लावता गॅस सोडला, तांब्याच्या पाइपला हात लावून 'झाला थंड' म्हणाला आणि पैसे घेऊन गेला. सहा आठवड्यांत यंत्र पुन्हा कोमट हवा टाकू लागले. मग दुसऱ्या ठेकेदाराकडचा तंत्रज्ञ आला. त्याने बाहेरच्या युनिटजवळ बसून आधी नुसते निरखून पाहिले. एका पितळी नटाखाली तेलाचा तपकिरी डाग होता व त्यावर धूळ चिकटली होती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही थोडे थोडे बाहेर येते, म्हणून असा डाग ही गळतीची पहिली खूण असते. त्याने साबणाच्या पाण्याचा घट्ट फेस ब्रशने त्या नटावर लावला. काही क्षणांतच मोहरीएवढे बुडबुडे एकामागून एक फुगून वर येऊ लागले. नट काढल्यावर पाइपाच्या पसरवलेल्या तोंडाला केसाएवढी चीर दिसली. त्याने तेवढा भाग कापून तोंड नव्याने पसरवले, नायट्रोजनचा दाब देऊन जोड तपासला, व्हॅक्यूम पंपाने नळ्यांमधली हवा आणि ओलावा काढून टाकला आणि सिलिंडर वजनकाट्यावर ठेवूनच गॅस भरला. सगळ्याला अडीच तास लागले. पैसे पहिल्यापेक्षा जास्त गेले, पण त्यानंतर आजपर्यंत गॅस भरावा लागलेला नाही.

म्हणून पुढच्या वेळी बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. त्यावर गॅसचे नाव आणि वजन छापलेले असते. दीड टनाच्या घरगुती यंत्रात आर-३२ गॅस साधारणतः एक किलोच्या आत-बाहेर असतो. गॅस पूर्ण काढून नव्याने भरायचा असेल, तर त्या पट्टीवरच्या वजनाइतकाच भरला गेला पाहिजे. पाइप नेहमीपेक्षा लांब असेल तर उत्पादकाने सांगितलेली भर त्यात पडते. काट्यावरचा आकडा बिलावर लिहून मागा. व्हॅक्यूम पंप आणि वजनकाटा सोबत न आणणाऱ्याला नव्या यंत्राला हात लावू देऊ नका. पंपाऐवजी थोडा गॅस सोडून नळीतली हवा ढकलून देण्याची पद्धत अजून पुष्कळ ठिकाणी चालते. तिने आतला ओलावा जात नाही, तो तेलात मिसळून कालांतराने आम्ल तयार होते आणि कॉम्प्रेसर निकामी होतो.

गॅसचे नाव बदलण्याचा प्रस्ताव तर सरळ नाकारावा. जुन्या यंत्रांतला आर-२२ हा गॅस ओझोनच्या थराला घातक असल्याने माँट्रियल या आंतरराष्ट्रीय करारानुसार टप्प्याटप्प्याने बंद होत आहे, त्यामुळे जुन्या यंत्रात 'दुसरा कोणताही चालतो' असे सांगणारे भेटतात. आर-३२ मंद ज्वलनशील आहे, तर आर-२९० म्हणजे प्रोपेन, जो सहज पेटतो. हे गॅस ज्या यंत्रासाठी नाहीत त्यात भरणे धोक्याचे आहे.

आणखी एक गोष्ट ठाणे, मुंबई आणि कोकणपट्टीतल्या वाचकांसाठी. खारी हवा बाहेरच्या युनिटची जाळी खाते, आणि घराजवळून उघडा नाला वाहत असेल तर त्यातून येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू तांब्याच्या कॉइलला बारीक छिद्रे पाडतो. अशी कॉइल एकदा गळू लागली की वेल्डिंग करून भागत नाही. एक छिद्र बुजवले की दुसरे उघडते. अशा वेळी 'कॉइल बदला' असे सांगणारा ठेकेदार महागाचा वाटला, तरी तोच खरे बोलत असण्याची शक्यता अधिक.

प्रश्न : पुण्यात नवीन फ्लॅटचे इंटिरियरचे काम सुरू आहे. तीन खोल्यांत एसी बसवायचे असून पाइप भिंतीत लपवायचे आहेत. तीन ठेकेदारांचे दर मागवले, त्यांत सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त दरांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे. निवड कशी करावी? – एक वाचक, बाणेर

उत्तर : तिन्ही दर एकाच कामाचे आहेत का, हे आधी पाहा. बहुधा नसतील. एकाने 'पाइपिंग, प्रति फूट अमुक' एवढे लिहिले असेल, दुसऱ्याने पाइपाची जाडी, त्याची कंपनी, वरचे नायट्राइल रबरचे आवरण, पाण्याचा निचरा, वायर, भिंतीला पाडायचे भोक, स्टँड आणि चाचणी हे सारे वेगवेगळे मांडले असेल. पहिला कागद स्वस्त दिसतो, कारण त्यात अर्धे काम लिहिलेलेच नसते. ते नंतर 'एक्स्ट्रा' म्हणून येते. तिघांनाही हीच यादी द्या आणि दर पुन्हा मागवा. ज्याला एवढे लिहून देण्याचा कंटाळा येतो, त्याला तेथेच नमस्कार करावा.

मात्र दरापेक्षा मी दुसऱ्या एका गोष्टीला अधिक वजन देईन. घर पाहायला आल्यावर त्याने खिशातून टेप काढली का? खोलीचे क्षेत्रफळ फोनवर ऐकून 'दीड टन लागेल' असे सांगणे कोणालाही जमते. जो माणूस खोली मोजतो, पश्चिमेच्या भिंतीवर दुपारी ऊन किती वेळ असते ते विचारतो, वर स्लॅब आहे की दुसऱ्याचे घर आहे ते पाहतो आणि काचेची खिडकी केवढी आहे ते टिपून घेतो, तो पुढचे कामही मोजूनच करेल असा माझा अनुभव आहे. टन हे माप बर्फावरून आले आहे. एक अमेरिकी टन (सुमारे ९०७ किलो) बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो तेवढी क्षमता, म्हणजे सुमारे ३,५१७ वॅट. या हिशेबाने दीड टन म्हणजे ५,२७५ वॅट झाले. बाजारात 'दीड टन' म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक यंत्रांची स्टार-लेबलवर छापलेली क्षमता याहून कमी असते. हा फरक स्वतःहून दाखवणारा ठेकेदार मिळाला तर त्याला सोडू नका.

आता लपवलेल्या पाइपांविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण येथली चूक पाच वर्षांनी कळते आणि तोवर तिच्यावर प्लास्टर, पुट्टी, रंग आणि वॉर्डरोब चढलेले असतात. भिंतीच्या आत नटाचा जोड असता कामा नये. पाइप शक्यतो अखंड असावा. प्लास्टर करण्यापूर्वी पाइपांची तोंडे बंद करून त्यांत उत्पादकाने सांगितलेल्या दाबाने कोरडा नायट्रोजन भरावा, गेज तसेच लावून ठेवावे आणि किमान चोवीस तासांनी काटा पुन्हा पाहावा. पहाटेच्या गारव्याने काटा किंचित उतरतो, ती गळती नव्हे. म्हणून दोन्ही नोंदी दिवसाच्या साधारण एकाच वेळी घ्या. भिंत बंद होईपर्यंत दाब तसाच ठेवला, तर गवंड्याचा किंवा सुताराचा खिळा चुकून पाइपात गेल्याचेही त्याच दिवशी कळते. ही चाचणी नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनने कधीही करू देऊ नये, तेलाशी संयोग होऊन स्फोट होऊ शकतो.

निचऱ्याच्या पाइपाला सलग उतार हवा. फॉल्स सीलिंग बंद होण्याआधी आतल्या बाजूने बादलीभर पाणी ओतून ते दुसऱ्या टोकाला पूर्ण बाहेर येते का, हे स्वतः उभे राहून पाहा. मग भिंतीतल्या पाइपांशेजारी टेप धरून फोटो काढा. उद्या तेथे चित्र टांगण्यासाठी ड्रिल लावताना याच फोटोंचा उपयोग होईल.

नव्या इमारतींत बाहेरच्या भिंती बहुधा एएसी ब्लॉकच्या असतात. हे ब्लॉक हलके आणि सच्छिद्र असल्याने त्यांत नेहमीचा अँकर फास्टनर पक्का धरत नाही. बाहेरच्या युनिटचे वजन कशावर पेलणार, हा प्रश्न ठेकेदाराला अवश्य विचारा. आरपार बोल्ट, रासायनिक अँकर किंवा आरसीसीच्या, म्हणजे सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या, भागावर स्टँड, यांपैकी काही उत्तर आले पाहिजे. शिवाय बाहेरचे युनिट कुठे लावायचे याला सोसायटीची लेखी परवानगी घ्या. अरुंद डक्टमध्ये चार-पाच घरांची युनिटे एकमेकांच्या तोंडावर गरम हवा सोडत असतील, तर चांगल्यातले चांगले यंत्रही मे महिन्यात दमते.

विजेचे काम एसीवाल्यानेच उरकून टाकावे असा आग्रह धरू नका. प्रत्येक एसीसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र वायर, स्वतंत्र एमसीबी (प्रवाह जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि खात्रीचे अर्थिंग हवे, आणि वायरिंगचे काम शासनाचा परवाना असलेल्या विद्युत ठेकेदाराकडून करून घेणे नियमाने आवश्यक आहे. परवान्याची प्रत मागण्यात संकोच कसला? एसीच्या तंत्रज्ञाबाबत विचारायचे असेल, तर आयटीआयचा रेफ्रिजरेशन व एअर कंडिशनिंगचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम केला आहे का, हे विचारावे. प्रमाणपत्र नसलेले कसबी लोकही मी पाहिले आहेत, त्यामुळे केवळ तेवढ्यावर कोणाला नाकारू नये.

पैसे टप्प्याने द्या : काही रक्कम साहित्य घरी आल्यावर, काही नायट्रोजनची चाचणी उतरल्यावर आणि उरलेली यंत्रे चालू होऊन आठवडा गेल्यावर. बिलाबाबत एक गैरसमज दूर करतो. सेवा देणाऱ्याची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपर्यंत असेल तर त्याला सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणी सक्तीची नाही. म्हणून जीएसटी क्रमांक नसलेला प्रत्येक छोटा ठेकेदार लबाड ठरत नाही. मात्र नोंदणी नसताना तो तुमच्याकडून जीएसटीची रक्कम घेऊ शकत नाही. क्रमांक दिला असेल तर तो जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. तो १५ अंकी-अक्षरी असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीची सुरुवात २७ ने होते.

प्रश्न : कंपनीचे अधिकृत सेवा केंद्र घ्यावे की कॉलनीतला ओळखीचा मेकॅनिक? वार्षिक देखभाल करार, म्हणजे एएमसी, करावा का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : हमीची मुदत चालू असेपर्यंत कंपनीकडेच जावे. बाहेरच्या माणसाने यंत्र उघडले, या कारणावरून हमी नाकारली जाऊ शकते. सेवा केंद्राचा क्रमांक हमीपत्रावरून किंवा कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. इंटरनेटवर नुसते नाव टाकून वर येणारा पहिला क्रमांक लावू नका, कारण कंपनीच्या नावाने भामटे क्रमांक टाकून ठेवतात. अनेक कंपन्या काम पूर्ण झाल्यावर सांगण्यासाठी मोबाइलवर एक सांकेतिक क्रमांक पाठवतात. काही जण तो दारात पाऊल टाकतानाच मागतात. तो दिला की कंपनीच्या दप्तरी तुमची तक्रार मिटलेली असते, मग यंत्र बंद का असेना. काम तपासल्याशिवाय तो देऊ नये.

हमी संपल्यावर मात्र ओळखीच्या मेकॅनिकला मी कमी लेखणार नाही. नागपुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, अशा वेळी सेवा केंद्राची तारीख आठ दिवसांनी मिळते आणि कॉलनीतला माणूस संध्याकाळी येतो. त्याच्याकडे वर सांगितलेली साधने असतील आणि तो काढलेला जुना भाग न मागता तुमच्या हातात ठेवत असेल, तर तो सांभाळण्यासारखा आहे. त्याला सर्व्हिसिंगला फेब्रुवारीतच बोलवा. गर्दी नसताना काम शांतपणे होते. एएमसी करताना सुटे भाग धरून आहे की फक्त मजुरी, एवढे पाहून भागत नाही. गॅस, कॉइल आणि पीसीबी (इलेक्ट्रॉनिक सर्किटचे कार्ड) यांचा उल्लेख नावानिशी आहे का, ते वाचावे, कारण यांवर मोठा खर्च होतो.

प्रश्न : बाथरूममध्ये गॅस गिझर बसवायचा आहे. एक फिटर आतच बसवून देतो म्हणतो, दुसऱ्याने साफ नकार दिला. पहिला कामाला चांगला म्हणून ओळखला जातो. काय करावे? – एक वाचिका, नाशिक

उत्तर : ज्याने नकार दिला त्यालाच काम द्या. बर्नर पेटला की तो खोलीतला प्राणवायू वापरतो आणि हवा अपुरी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. दार-खिडकी बंद करून आंघोळ करणाऱ्या माणसाला चक्कर येते आणि कडी काढायलाही अवधी मिळत नाही. आपल्या राज्यात अशी माणसे गेली आहेत. गिझर बाल्कनीत किंवा मोकळ्या ड्राय एरियात बसवून गरम पाणी पाइपाने आत घ्यावे. 'खिडकी थोडी उघडी ठेवली की झाले' हे उत्तर मान्य करू नका, थंडीत ती खिडकी बंदच होणार. तशी मोकळी जागा नसेल तर विजेचा गिझर घ्यावा.

प्रश्न : आमचे घर सहाव्या मजल्यावर आहे. बाहेरचे युनिट धुण्यासाठी आलेला मुलगा दोर-पट्टा काही न लावता छज्ज्यावर उतरू लागला. मी थांबवले, तर ठेकेदार फोनवर म्हणाला, 'रोजचेच आहे त्याचे.' मी उगाच घाबरलो का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुम्ही योग्य तेच केलेत, आणि माझ्या मते त्या ठेकेदाराची पारख तेथेच झाली. जो स्वतःच्या माणसाच्या जिवाचा हिशेब धरत नाही, तो तुमच्या यंत्राचा काय धरणार? उंचीवर काम करताना अंगभर बसणारा सेफ्टी बेल्ट हवा आणि त्याचा दोर खिडकीच्या ग्रिलला न बांधता बीम किंवा खांबासारख्या पक्क्या जागी बांधलेला हवा. दुसरा माणूस आत उभा हवा. छज्जा माणसाचे वजन पेलण्यासाठी बांधलेला असतोच असे नाही, आणि पावसाळ्यानंतर त्यावर शेवाळ असते.

ठेकेदाराला फोनवरच सांगा, की बेल्ट आणि दोन माणसे असतील तेव्हाच काम होईल, आणि त्यासाठी जास्त पैसे लागत असतील तर ते देण्याची तयारीही तेव्हाच सांगा. तोवर आतले फिल्टर धुऊन, पंखा लावून, दोन दिवस काढता येतात. त्या मुलाला पाणी द्या, आणि फेरीचे पैसे त्याच्या हातात देऊन परत पाठवा, म्हणजे रिकाम्या हाताने गेल्याबद्दल त्याला कोणाचे बोलणे खावे लागणार नाही.